ठिणगीरावांचा चौदावा नियम

बोटीत पेट्रोल भरून झालं आणि टाकीचं पितळी झाकण घट्ट बसलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या सुट्टीतला सव्वा तास संपला होता आणि अख्खी युद्धनौका ठिणगीरावांवर दातओठ खात होती.

ठिणगीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नौकेवरच्या पेट्रोलचा कारभार त्यांच्याकडे होता आणि त्यांना जिथे तिथे ठिणगी दिसायची, म्हणून खलाशांनी ते ठेवलेलं. नौका चालायची डिझेलवर. पेट्रोल लागायचं ते किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीला. पण ते चार डबे म्हणजे ठिणगीरावांच्या मते दारात बांधलेला वाघ. डबे उघड्या डेकवर, उतरत्या मांडणीवर ठेवलेले असायचे. आग लागलीच तर शेजारची मूठ ओढायची, की सगळे डबे थेट समुद्रात. आज बारा लिटर भरायचं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या शेगड्या बंद करवल्या होत्या, त्यात दुपारचा भात कच्चा राहिला. सगळ्यांचे लायटर आणि फोन पत्र्याच्या पेटीत गेले होते. एक खलाशी बुटाला खिळे आहेत म्हणून तापल्या डेकवर अनवाणी उभा होता, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

गंमत म्हणजे किनाऱ्याची सगळ्यात जास्त ओढ ठिणगीरावांनाच होती. ते आठ महिने समुद्रावर होते आणि त्यांची मुलगी सात महिन्यांची होती. तिला त्यांनी फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं. नौका बंदराबाहेर नांगरली होती, पाचला पुन्हा निघणार होती. पिवळी छत्री घेऊन धक्क्यावर उभी राहते, असं बायकोनं कळवलं होतं. सकाळपासून तो पिवळा ठिपका त्यांना दिसत होता.

"ठिणगीराव, तुम्हीही बसा बोटीत," कप्तान म्हणाले.

"नाही साहेब. नियम चौदा. बोट बाहेर आहे तोवर पेट्रोलवाल्यानं मुठीपाशी बसायचं."

"हा नियम केला कोणी?"

"मीच, साहेब."

कप्तानांनी कपाळाला हात लावला. बोट गेली. ठिणगीराव स्टुलावर बसून ठिपक्याकडे बघत राहिले. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्यांना कळत होतं. पण धोंडाही नियमानंच पडला होता, तक्रार कुणाकडे करणार? पोरीला दात आला असेल का, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

तेवढ्यात वायरलेसवर बोट चालवणारा तांडेल बोलू लागला. सगळे उतरले, पण टाकी रिकामी झाली, परत येता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बारा लिटर एका खेपेत संपलं म्हणजे गळती, आणि गळकी बोट उभी त्या छत्रीच्या पुढ्यात. ठिणगीरावांनी कप्तानांच्या हातातून वायरलेस जवळजवळ हिसकावला.

"आधी धक्का रिकामा कर. सगळे दोनशे पावलं मागे. छत्रीवालीला सगळ्यात आधी."

आता नौकेबाहेर पेट्रोल भरायचं तर नियम अकरा: पेट्रोलवाल्यानं स्वतः जायचं. तोही त्यांचाच. चौदा म्हणत होता बसा, अकरा म्हणत होता जा. "चौदाचं मी बघतो," असं म्हणून कप्तान स्वतः स्टुलावर बसले आणि मूठ धरून समुद्राकडे पाहू लागले.

दोन खलाशी होडी वल्हवत होते आणि ठिणगीराव गुडघ्यांत डबा धरून बसले होते. वल्ह्याची कडी वाजली तरी ते दचकत होते. सकाळपासून लांब असलेली छत्री जवळ येत होती, आणि जवळ येता येता त्यांच्याच हुकमानं मागे मागे जात होती. त्यांना रडू आलं, पण हातातला डबा खाली ठेवून डोळे पुसणं नियमात बसत नव्हतं.

धक्का ओस पडला होता. ठिणगी उडू नये म्हणून ठिणगीरावांनी बोटीची तार धक्क्याच्या लोखंडाला जोडली, झाकण उघडलं, पेट्रोल मोजायचा पितळी गज आत घातला. गज जवळजवळ वरपर्यंत ओला निघाला. त्यांनी तांडेलाकडे पाहिलं. तांडेल आभाळाकडे पाहत होता.

"वहिनी म्हणाल्या," तो हळूच बोलला, "यांना नियमानंच बोलवा. एरवी यायचे नाहीत."

वायरलेसवर कप्तानांनी विचारलं, "काय परिस्थिती?"

ठिणगीरावांनी दूरवरच्या छत्रीकडे पाहिलं. नोकरीच्या अठरा वर्षांत त्यांनी एका चमच्याचंही खोटं सांगितलं नव्हतं.

"गळती नाही, साहेब. टाकी मात्र रिकामी आहे. नियमाप्रमाणे भरायला दोन तास लागतील."



"घाई करू नका," कप्तान म्हणाले. "पेट्रोलचं काम आहे."

डब्याची किल्ली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या, म्हणजे तांडेलाच्या हाती दिली आणि ते दोनशे पावलं पळत गेले. छत्रीखाली बायकोच्या कडेवर ती होती. खालच्या हिरडीत एक दात होता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

बायको एक पाऊल मागे सरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"आधी हात धुवून या. पेट्रोलच्या हातानं मूल घ्यायचं नाही."

"हा नियम केला कोणी?"

"मीच."

ठिणगीराव मुकाट्यानं नळाकडे पळाले.