निळ्या पुस्तकगाड्याचं अपहरण

मी गुप्तहेर आहे. दारावर तशी पाटी नाही, कारण पाटी लावल्यावर गुप्त काय राहिलं? निवृत्त होईपर्यंत मी पहिलीच्या मुलांना शिकवलं. कानांच्या लालीवरून खोडरबरचा चोर ओळखणाऱ्या माणसाला मोठ्यांचे गुन्हे म्हणजे डाव्या हातचा मळ. माझी नजर घारीची आणि तर्क सुरीसारखा. आमची ही म्हणते की घारीचा चष्मा कायम डोक्यावर असतो आणि घार तो घरभर शोधत फिरते. थोर माणसांच्या वाट्याला असे टीकाकार यायचेच.

शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या सूनबाई. त्यामुळे मी अजून रोज शाळेत जातो आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. हा कार्यक्रम जिन्याच्या पायऱ्यांवर चालतो, कारण वाचनाला खोली नाही. गेल्या वर्षी शाळेला अनुदान मिळालं. पहिल्या हप्त्यात काही शैक्षणिक साहित्य आणि एक पुस्तकगाडा आला, म्हणजे चाकांवरचं निळं कपाट. तो वर्गावर्गांतून फिरतो. दुसऱ्या हप्त्यात अडगळीच्या खोलीची वाचनखोली होणार होती. पण त्याआधी लेखापरीक्षक येऊन पहिल्या हप्त्यातली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघणार होते. वस्तू दिसली नाही तर हप्ता अडकणार, आणि आम्ही जन्मभर पायऱ्यांवर.

सूनबाईनं त्या तपासणीचा असा ध्यास घेतला की जेवताना मी मीठ मागितलं तर तिनं पावती मागितली. मला तिनं एकच काम दिलं होतं. अनुदानातून काय काय घेतलं याचे फोटो एका फलकावर लावायचे, आणि फलक शाळेत नाही, तेव्हा तो कुठूनतरी मिळवायचा. तपासणीच्या सकाळी मी सभागृहात गेलो तर भिंतीला लागून एक छान, सपाट, माझ्या उंचीचा फलक उभा. देव पाठीशी असला की असं होतं. मी त्यावर भलामोठा कागद टाचण्यांनी पक्का केला आणि फोटो डकवले. मधोमध पुस्तकगाड्याचा, आजूबाजूला बाकीचे.

लेखापरीक्षक बाई आल्या. हळू आवाजात बोलायच्या आणि कशालाच हसायच्या नाहीत. सूक्ष्मदर्शक पाहिला, नकाशे पाहिले, सतरंज्या उलगडून पाहिल्या. मग म्हणाल्या, पुस्तकगाडा दाखवा.

सूनबाई त्यांना सभागृहाबाहेरच्या कोपऱ्यात घेऊन गेली. कोपरा रिकामा होता. सगळे वर्ग पाहून झाले, स्वच्छतागृहसुद्धा. गाडा नाही. सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हीच माझी वेळ होती. मी खिशातून भिंग काढलं.

पहिला संशयित चित्रकलेचे सर. त्यांच्या बाहीवर निळा डाग होता आणि गाडाही निळा. मी त्यांना गाठून डाग कसला ते विचारलं. आकाशाचा, ते म्हणाले. कोणत्या आकाशाचा, असं विचारल्यावर त्यांनी मला हाताला धरून वर्गात नेलं आणि भिंतीवरचं ओलं आकाश दाखवलं. त्यावर मी बोट लावून खात्री केली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

मग मला खरा धागा सापडला. तपासणी आली की शाळा एकमेकींना वस्तू उसन्या देतात, हे जगाला माहीत नसेल, मला आहे. मी शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला आणि दरडावून विचारलं, आमचा गाडा कुठाय? ते म्हणाले, "गाड्याचं मला माहीत नाही, पण आमचा हाडांचा सांगाडा तुमच्याकडे आहे तो परत करा. आमच्याकडे तपासणी येतेय." माझा फोन जरा मोठ्यानं बोलतो. लेखापरीक्षक बाई शेजारीच होत्या. सांगाडा अनुदानातला नव्हता, तरी त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी मी जमिनीला नाक लावलं. आदल्या दिवशी फरशा धुतल्या होत्या आणि वाळलेल्या पाण्यात चाकांच्या खुणा उमटल्या होत्या. त्यांच्या मागोमाग मी रांगत सभागृहात शिरलो आणि माझ्या फलकापाशी पोहोचलो. पुढे भिंत. मी उठून उभा राहिलो आणि जाहीर केलं की गुन्हेगार गाड्यासह भिंतीतून आरपार गेला आहे.

"बाबा, पुरे आता," सूनबाई म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तिचा आवाज रडवेला होता. तिनं बाईंना विचारलं, दुसरा हप्ता थांबेल का? बाई म्हणाल्या, वस्तू दिसली नाही तर मला दिसली नाही असंच लिहावं लागतं.

मग त्या फोटो बघायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"मास्तर, या फलकाला चाकं कशाला?"

"आधुनिक फलक आहे, बाई. हल्ली सगळं फिरतंच."

त्यांनी एका बोटानं फलक ढकलला. फलक फिरला आणि पलीकडून पुस्तकं बाहेर डोकावली. फरशा धुणाऱ्यांनी पुस्तकं भिजू नयेत म्हणून गाडा आत ढकलून त्याचं तोंड भिंतीकडे केलं होतं. आणि मी गाड्याचा फोटो गाड्याच्याच पाठीवर डकवला होता.

"वस्तू आहे," बाई म्हणाल्या. "वापरात आहे का?"

बिघडलेलं सावरायला मी पुढे झालो आणि छाती फुगवून सांगितलं की आम्ही पुस्तकांना मुलांचं बोटसुद्धा लागू देत नाही. सूनबाईनं डोळे मिटून घेतले. बाईंचं पेन कागदावर टेकलं.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. पहिलीच्या पोरांना सभागृहाच्या दारातून गाडा दिसला आणि सगळी फौज आत घुसली. कुणी हत्तीचं पुस्तक ओढलं, कुणी जहाजाचं, आणि जो तो फतकल मारून वाचायला बसला. बाईंनी वरच्या फळीवरचं एक पुस्तक उचललं, तशी एक चिमुरडी त्यांच्या पदराला धरून म्हणाली, "मधलं पान उघडू नका हं. तिथं माझं दूध सांडलंय."

बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. डाग चांगला तळहाताएवढा होता. मी भिंग पुढे केलं, पण त्यांना ते लागलं नाही. त्यांनी लिहिलं: वापरात आहे.

आता आम्ही वाचनखोलीत बसतो आणि पायऱ्यांवरून माणसं ये-जा करतात. माग काढत गाड्यापर्यंत सगळ्यांना कुणी नेलं, हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. लेखापरीक्षणाच्या अहवालातही माझा उल्लेख नाही. शेवटी फक्त एक सूचना आहे: शाळेने एक फलक विकत घ्यावा, शक्यतो चाकं नसलेला.