खिडक्यांना पांढरा, दाराला लाल

रंग निवडायला पैसे लागत नाहीत, डोळे लागतात, असं रुचिता कुणी विचारो न विचारो सगळ्यांना सांगायची. आणि पळसदरीचं घर बांधता बांधता तिच्याजवळ उरले होते तेही डोळेच!

घर उघड्या विटांचं. रुचिताच्या बाबांनी खालापूरची वीटभट्टी बंद केली, तेव्हा शेवटच्या भट्टीच्या सगळ्या विटा टेंपोत भरून लेकीकडे पाठवल्या. दाराशेजारच्या एका विटेवर तर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता, माती ओली असताना उमटलेला. रुचिताची दोन वर्षांची समिधा त्यात बोट घालून बसायची. पण जागा तिच्या नवऱ्याच्या, योगेंद्रच्या आत्याच्या नावावर. आणि सुनंदाआत्यांचा हुकूम भिसेगावाहून फोनवर सुटला होता, "उघड्या विटा म्हंजे उघडं पोर! गिलावा मारायचा, वर पोपटी रंग. रविवारी गवंडी घेऊनच येते मी!"

"विटा झाकल्या तर मी जेवणार नाही," रुचिताने नवऱ्याला बजावलं.

"आत्यापुढे बोलायची माझी छाती नाही गं. पाच दिवस आहेत. असं काहीतरी कर, की बघून तीच म्हणेल, राहू दे."

"एवढंच ना? चौकटी आणि छज्जा रंगवते. विटा अशा उठून दिसतील, की आत्या गवंड्याला चहा पाजून परत पाठवतील!"

कर्जतच्या एका हार्डवेअरवाल्याकडे फार्महाऊसवाल्यांचे उरलेले डबे अर्ध्या भावात मिळायचे. त्या दिवशी तीनच रंग होते: पांढरा, लाल, कॉफी. रुचिताने शेड कार्ड चार वेळा उलटंसुलटं केलं, जणू पुढ्यात चारशे रंग उभे आहेत, आणि तेच तीन उचलले. वरच्या दोन खिडक्यांना रुंद पांढरी पट्टी. दाराला लाल. दारावरच्या बुटक्या छज्ज्याला कॉफी.

वाडीवरच्या रोहिदासने दीड दिवसात काम उरकलं, ब्रश धुवायला रस्त्यापलीकडच्या ओढ्यावर गेला आणि परत आला तो पांढराफटक होऊन.

"चहा ठेवलाय रे."

"नको ताई." मान खाली.

"लांबून कसं दिसतंय?"

"दिसतंय," तो म्हणाला. "बघतंय पन." आणि शिडी खांद्यावर टाकून जो सुटला, तो वळून न बघता!

दुसऱ्या दिवशी दूधवाल्या गजाची हाक आली, ती वळणावरून.

"वहिनी, दूध हितं ठेवलंय! घेऊन जा!"

"दारापर्यंत ये की!"

"नाय, हितनंच बरं हाय!"

शेजारच्या सोनुबाई रोज अंगणातून शॉर्टकट मारायच्या. त्या बांधावरून लांबचा वळसा घालून जाऊ लागल्या. रुचिताने त्यांना गाठलंच.

"काय झालंय काय, सोनुबाई?"

"तुला नाय दिसत?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आतनं कसं दिसंल म्हना. नाव नाय घ्यायचं बाय अशा गोष्टीचं. नाव घेतलं की मागं लागतं."

त्यात वाघ्या! कुत्रं भर दुपारी अंगणात उभं राहून वरच्या रिकाम्या खोलीकडे बघून भुंकत होतं. रुचिता एकेक पायरी मोजत वर गेली. खोलीत कुणी नव्हतं. ओल्या रंगाचा वास होता फक्त. तेवढ्यात वारा नसताना खिडकीचा पल्ला हळूच मिटला, आणि हळूच उघडला. खाली वाघ्या केकाटत पळाला.

समिधा तर घरात यायलाच तयार नव्हती.

"तो बघतो," ती म्हणाली.

"कोण गं, बाळा?"

इवलंसं बोट वर गेलं.

रुचिता तिची बाटली आणायला आत शिरली, तर बाहेर किंकाळी! "आई खाल्ली! आई खाल्ली!" ती धावत बाहेर आली, तर लेक टाळ्या पिटत होती. "आई थुकली!"

पोरीला रुचिताने असं छातीशी धरलं, की पोरगी "दुखतं" म्हणाली. लहान मुलांना दिसतं म्हणतात.

शनिवारी तिन्हीसांजेला तिने मूठभर मीठ-मोहरी घेतली आणि पोरीची दृष्ट काढली, कुत्र्याची काढली, शेवटी घराचीही काढली. आता ती मूठ तिठ्यावर टाकायची आणि मागे वळून बघायचं नाही. समिधाला कडेवर घेऊन ती निघाली. मूठ टाकली. मान ताठ, नजर समोर. पण खांद्यावरून समिधा मागे हात हलवत होती.

"टाटा!"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रुचिताने ओठ आवळले. आणि वळून बघितलंच.

अंधारत चाललेल्या आभाळाखाली एक भलंमोठं, विटकरी तोंड तिच्याकडे बघत होतं. वटारलेले पांढरे डोळे, आत पिवळा उजेड. झुबकेदार कॉफी मिशी. आणि खाली लालभडक, उघडा जबडा, त्यात तिचं स्वयंपाकघर!

"मीच केलं हे!" ती कपाळावर हात मारत म्हणाली. दोन दिवस घरात वावरताना, वळणावरून दूध आणतानासुद्धा, तिने लांबून मान वर करून घर एकदाही पाहिलं नव्हतं. रंग संपलेला, आणि उद्या रविवार.

सकाळी रिक्षा थांबली. गवंड्यासकट आत्या उतरल्या, वर बघितलं आणि हातातली पिशवी खाली पडली.

"योग्या, हे कुनी केलं?"

"मी," रुचिता पुढे झाली. "चुकलं, आत्या. मी खरवडून काढते सगळं. पण विटा झाकू नका. बाबांच्या आहेत."

आत्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"दादा!" त्यांचे डोळे डबडबले. "तीच मिशी! पान खाऊन रंगलेलं तोंड! आनि काय रं ते वटारून बघनं!"

दादा म्हणजे योगेंद्रचे वडील. तो पाचवीत असताना गेलेले. योगेंद्रने वर बघितलं आणि नकळत हात मागे बांधून सरळ उभा राहिला.

"बाई," गवंडी थापी काढत म्हणाला, "गिलावा कुठनं धरू?"

"तुझ्या डोक्यावर धर! माझ्या भावाच्या तोंडाला शिमिट थापतोस, मेल्या? एका विटेला हात लावशील तर याद राख!"

वाचल्या! विटा वाचल्या! रुचिता रडू की हसू अशी उभी, तोवर आत्यांनी मान तिरकी करून पुन्हा वर बघितलं.

"एकच राहिलंय गं पोरी. दादांना चष्मा हुता. जाड, काळा."

"उजवी काडी दोऱ्यानं बांधलेली," योगेंद्र वर बघतच म्हणाला.

रुचिता काळ्या रंगाचा डबा आणायला निघाली. निघताना तिने ओढणी तेवढी डोक्यावर घेतली. सासऱ्यांच्या समोरून जायचं होतं ना!