पुढच्या सीटवरची सवत

या, पुढे सरका. कडेला बसलात त्यांनीही जवळ या. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात एक बारीकसा आवाज आहे, तो लांबून ऐकू यायचा नाही.

एक होते मास्तर. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. त्यांचं एकच म्हणणं, "ज्याला शिवणयंत्र कळलं, त्याला जगातलं कुठलंही यंत्र कळलं. विमान तरी काय, थोडं मोठं यंत्रच." अशा माणसानं जुनी का होईना मोटार घेतली, तेव्हा देवानंही वर नीट मांडी घालून घेतली असेल. आता मजा बघायची!

त्यांच्या लेकीनं शेजारच्या शहरात शिवणाचं दुकान थाटलं होतं. पहिलंच मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक नवरी, दुपारी पोशाख न्यायला यायची होती. आणि सकाळीच लेकीचं यंत्र अडून बसलं.

"बाबा, बाह्या लावायच्या राहिल्यात," ती फोनवर म्हणाली. "नवरी तशीच परत गेली, तर माझ्या दुकानाची पायरी पुन्हा कोण चढेल?"

"मी आहे ना. माझं यंत्र घेऊन निघालोच."

मास्तरांचं यंत्र जुनं, ओतीव लोखंडाचं, पोरासारखं जपलेलं. त्यांनी ते गोधडीत गुंडाळलं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवलं.

"म्हणजे सवत पुढे आणि मी मागे," मास्तरांची बायको, म्हणजे आपल्या काकू, म्हणाल्या.

"मागे धक्के बसतात गं. नाजूक आहे ते."

"आणि मी?"

मास्तरांनी घाईघाईनं आपला पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. काही प्रश्नांना हेच उत्तर बरं असतं.

कोपरा वळतात न वळतात तोच समोरच्या फळीवर लाल दिवा लुकलुकू लागला. त्यात चित्र होतं, पण मास्तरांचा चष्मा सुईत दोरा ओवण्यापुरता, तो खिशात. त्यांना दिसलं ते एवढंच, की मिरचीच्या बीएवढं काहीतरी लाल, आणि ते डोळे मिचकावतंय.

"तेल मागतेय," मास्तर म्हणाले. "यंत्र कुठलंही असो, कुरकुरलं की तेल."

तेलाची कुपी यंत्राच्या तळाशी. म्हणून त्यांनी यंत्र उचलून फुटपाथवर ठेवलं, बॉनेट उघडलं आणि जिथे जिथे दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या दिसल्या, तिथे तिथे शिवणयंत्राचं तेल थेंब थेंब सोडलं. आत येऊन बघतात तर दिवा विझलेला.

"बघितलंस?"

"बघितलं. आता सवतीला आत घ्या."

यंत्र आत आलं, गाडी हलली, आणि दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

मग गॅरेज. गॅरेजवाला मास्तरांचा जुना दोस्त. "फ्यूज बघतो," तो म्हणाला, "पण मास्तर, आधी हे गाठोडं हलवा. हात जात नाही."

गाठोडं उतरलं. गॅरेजवाला वाकून वाकून बघू लागला. "कुठाय दिवा?"

"आत्ता होता!"

"चित्र कसलं होतं?"

"लाल म्हणजे लाल. आग लागल्यावर तिचा रंग विचारतोस का?"

त्यानं फ्यूज बदलले, बॅटरी पुसली आणि तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. यंत्र सीटवर आलं, दिवा लागला. मास्तरांनी हाका मारून त्याला बाहेर काढलं. "गाठोडं हलवा," तो म्हणाला. गाठोडं हललं, दिवा गेला.

"वहिनी," गॅरेजवाला हळूच म्हणाला, "मास्तरांची झोप नीट होते ना?"

"मला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुला?" मास्तर उसळले.

"तसं नाही. गाडी संध्याकाळपर्यंत इथंच राहू द्या."

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, नवरी आलीय. तिची आईसुद्धा. दोघी सारख्या घड्याळाकडे बघतायत."

मास्तर मटकन टायरवर बसले. चेहरा असा, की दोरा ओवला आणि सुईच मोडली. "पोरीच्या वेळेलाच यंत्रानं मला खोटं पाडलं गं."

काकूंनी पदर खोचला. "जळो तो दिवा. उठा, चला."

दोघांनी यंत्र पुन्हा सीटवर ठेवलं. मास्तर आपल्या जागी गेले, गाडी सुरू केली. दिवा लागलाच. काकू मात्र दारात थबकल्या. आता हे घाईनं वळणं घेणार, सवत तोंडावर आपटणार. काही झालं तरी संसार हिच्यावरच चालला होता. त्यांनी सीटचा पट्टा ओढून गोधडीवरून घेतला आणि अडकवला.

खट्.

नेमक्या त्याच क्षणी मास्तरांनी वैतागून फळीवर थाप मारली होती.

दिवा विझला.

काकूंनी दिव्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांच्या तोंडावर उजेड पडला होता.

"बघितलंस? हाताला गुण असावा लागतो."

काकूंच्या ओठांवर वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "लागतो हो. चला आता."

बाह्या लागल्या. नवरी आरशापुढे गिरकी घेऊन हसली, तिची आई त्याहून जास्त हसली. मास्तरांनी ती थाप लेकीला हातवारे करून सांगितली. "माझे बाबा म्हणजे ना," लेक म्हणाली, आणि काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

यंत्र लेकीकडेच राहिलं. परतताना पुढची सीट काकूंची. गाडी हलली आणि लाल दिवा पुन्हा लुकलुकला. मास्तरांनी हात उगारला.

काकू पट्ट्याचं टोक धरून थांबल्या होत्या. थाप पडली, आणि मगच त्यांनी तो अडकवला.

अजूनही मास्तर लोकांच्या गाड्यांना थापा मारत हिंडतात. भेटले तर त्यांना नमस्कार करा, काही बोलू नका. फक्त, बाबांनो, आपल्या घरात एखादा लाल दिवा असाच आपोआप विझला, तर आपल्याच हाताचा गुण म्हणण्याआधी त्या काकूंची आठवण काढा.