अठ्ठावीस खुणा

माझा हात थरथरत नाही. ही बढाई नाही, पोटापाण्याची गोष्ट आहे. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. मोहरीहून बारीक स्क्रू मी श्वास रोखून एका दमात बसवतो. मध्यंतरी माझा उजवा डोळा लालभडक झाला, पिवळट पू येऊन पापण्या सकाळी डिंक लावल्यासारख्या चिकटू लागल्या आणि डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, तेव्हा मी बायकोला छाती पुढे काढून सांगितलं, की ज्या हाताने सेकंदकाटे बसवले त्या हाताला डोळ्यात थेंब टाकणं म्हणजे डाव्या हातचा मळ!

डॉक्टरांनी बरंच सांगितलं होतं. जंतूंचा संसर्ग आहे, दिवसातून चार वेळा एकेक थेंब, सात दिवस. बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लावायचं नाही. बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. डोळ्याला आणखी काही लागतं का, असंही त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो. घड्याळाला पाणी लागू देऊ नका असं मी सांगतो तेव्हा गिऱ्हाईक जशी मान हलवतं, तशीच मी हलवत होतो. पुढच्याच आठवड्यात ते गिऱ्हाईक आतून वाफ धरलेलं घड्याळ घेऊन येतं.

बायको शाळेत शिकवते. तिचा माझ्या मानेवर भरवसा नाही. तिने कागदावर सात ओळी आणि प्रत्येक ओळीत चार चौकोन आखले आणि तो तक्ता भिंतीवर चिकटवला. थेंब टाकला की खूण करायची. असे अठ्ठावीस चौकोन.

तीन दिवस मी इमानदारीत बारा खुणा केल्या. चौथ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर डोळा स्वच्छ, पांढराशुभ्र! आता आमच्या धंद्यात एक नियम आहे. घड्याळ चालू लागलं की तेलाची बाटली बंद करायची. जास्त तेल घातलं की त्यावर धूळ बसते आणि चालतं घड्याळ बंद पडतं. डोळाही चालू लागला होता. मी बाटली बंद केली. राहता राहिला तक्ता. आठवडा संपला की बायको तो तपासणार आणि रिकामे चौकोन दिसले तर तोंडाचा पट्टा सोडणार, म्हणून उरलेल्या सोळा चौकोनांत एका बैठकीत सोळा खुणा करून टाकल्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

इथे सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. त्या आमच्याकडेच राहतात. उमेदीत त्या गिरणीच्या दारावर बसून कामगारांची हजेरी लिहायच्या. मित्राच्या नावापुढे दुसऱ्याने केलेली सही त्या लांबूनच ओळखत, असा त्यांचा दरारा होता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला एक चांगलाच पिकलेला. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, पण वर्षभर ते मीच त्यांना वाचून दाखवत होतो. ते त्यांना मुळीच आवडत नसे. स्वतःच्या डोळ्यांनी कोडं वाचायचं, एवढ्यासाठी त्यांनी पाच महिने ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहिली होती, आणि ती तारीख आता चार दिवसांवर आली होती.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हळूच जवळ बोलावलं. डोळा टोचतोय म्हणाल्या. पाहतो तर डावा डोळा लाल आणि कोपऱ्यात तोच पिवळट चिकटा. हे लेकीला कळलं तर ऑपरेशन पुढे जाणार, हे त्यांनीही ओळखलं होतं. माझ्या कपाटातली बाटली त्यांना माहीत होती.

"टाका दोन थेंब," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तीन दिवसांत गुण आला, माझ्या हाताशी चार आहेत."

तीन दिवसांत म्हणाल्या याकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही. मी बाटली काढली. माझा हात थरथरत नाही, पण सासूबाईंची पापणी थरथरते हे मी धरलंच नव्हतं. बाटलीचं टोक पापणीला लागलं. मी ते सदऱ्याच्या टोकाला पुसलं, झाकण लावलं आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारखा झोपायला गेलो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांचे दोन्ही डोळे लाल होते. माझाही उजवा पुन्हा लाल झाला होता. बायकोने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

ऑपरेशन करणारे डॉक्टर तेच, मला थेंब देणारे. त्यांनी तपासून सरळ सांगितलं, की अशा डोळ्यावर ऑपरेशन होणार नाही. संसर्ग आत शिरला तर नजर कायमची जाईल. सासूबाईंच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात घडी घातलेलं कोडं आणि टोक काढलेली पेन्सिल होती, मी पाहिली होती.

"म्हणजे परत पाच महिने का हो?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी कुठलं औषध टाकलं म्हणून विचारलं, मी खिशातून बाटली काढली. ही तर तुमची, ते म्हणाले. मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, की मीच मागून घेतली, त्यांचा काही दोष नाही. आणि बायकोनेही, आयुष्यात पहिल्यांदाच, माझी बाजू घेतली. म्हणाली, यांनी तर सगळा कोर्स पूर्ण केलाय, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खुणा आहेत!

डॉक्टर विचारात पडले. पूर्ण कोर्स होऊनही परत उलटलं म्हणजे हे औषध या जंतूंवर चालत नाही, असं ते म्हणाले. मग आईंना दुसरं, जास्त जोराचं औषध द्यावं लागेल, आणि तारखेचं सध्या काही बोलायला नको. माझ्या सोळा खुणा आता सासूबाईंच्या डोळ्यात जाणार होत्या.

आम्ही बाहेर आलो. चष्म्याची डबी आत विसरलो असं सांगून मी परत फिरलो. मी चष्मा वापरत नाही, पण बायकोच्या ते लक्षात यायच्या आत मी दार लोटून आत होतो.

"डॉक्टर, मी तीनच दिवस टाकलं. बाकीच्या खुणा खोट्या आहेत."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी लिहिलेला कागद फाडला. अर्धमेले जंतू तुम्ही सोडून दिलेत, तेच पुन्हा उठले, म्हणाले. मग विचारलं, की आता नीट आठवून सांगा, डोळ्याला आणखी काय लागतं?

"भिंग. कामाचं. दिवसभर उजव्या डोळ्यात धरलेलं असतं."

"आणि आईंच्या डोळ्याला?"

"तेच. संध्याकाळी घरी आणतो ना. कोड्यातली अक्षरं दिसतात का बघायला त्या लावतात."

डॉक्टर स्वतःचे डोळे चोळायला निघाले होते, ते अर्ध्यातच थांबले. उठून आधी हात धुऊन आले. मग म्हणाले, "सांगितलंत हे बरं केलंत. आधीचंच औषध देतो, तिसऱ्या दिवशी दाखवा. दोघांचे डोळे स्वच्छ झाले तर तीन आठवड्यांनी ऑपरेशनला घेऊ त्यांना."

नंतरचे सात दिवस मी जसा वागलो तसा लग्नाच्या पहिल्या वर्षीही वागलो नसेन. जुनी बाटली कचऱ्यात गेली. नव्या दोन आल्या, एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. टॉवेल वेगळे. भिंग साबणाने धुऊन दुकानातच ठेवलं. चार वेळा गजर. गजर झाला की हात धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, बाटली वर अधांतरी धरून एकच थेंब सोडायचा आणि मिनिटभर डोळा मिटून बसायचं. जुन्या तक्त्याशेजारी बायकोने दोन नवे तक्ते चिकटवले. थेंब पडल्याशिवाय एकही खूण झाली नाही.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आम्ही घरी आलो. बायको आत पाणी आणायला गेली. मला वाटलं सासूबाई आता कोडं मागतील. त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. जुन्या तक्त्यावरचा एकेक चौकोन बोटाने मोजत गेल्या.

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्या बारा खुणा बारा तऱ्हेच्या आहेत. एक तिरकी, एक घाईतली, एकीवर ओल्या बोटाचा डाग. पुढच्या सोळा मात्र सख्ख्या बहिणी."

मी पटकन आतल्या दाराकडे पाहिलं.

"चौथ्या दिवसापासून तुम्ही गैरहजर."

आतून पेल्यांचा आवाज आला. सासूबाईंनी जुना तक्ता अलगद सोडवला, घडी घातली आणि पिशवीत कोड्याशेजारी ठेवला. मग ऑपरेशननंतरच्या थेंबांची बाटली माझ्या हातात दिली. चार आठवडे, दिवसातून चार वेळा.

"एकही वेळ चुकणार नाही, आई," मी म्हणालो.

"चुकेल कशी?" त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि खुर्चीत मान मागे टाकून बसल्या. "टाका."

तेव्हापासून माझा हात जरासा थरथरतो.