पान सदतिसावरचं बदक

कोणत्याही महान निर्णयाचं वजन त्यावरच्या शिक्क्यांनी ठरतं. क्योतोच्या होशिकावा कंपनीत ते बरोबर अठरा शिक्के भरतं (एकोणिसावा माफीसाठी राखीव).

उपविभागप्रमुख काजितानी सोसुके यांनी सहा वर्षं खपून हातात धरून खेळायचं यंत्र बनवलं होतं. वजन एकशे ऐंशी ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावेल असं. ते तसंच बाजारात यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तेच अवघड होतं, कारण ओसाकाची प्रतिस्पर्धी कंपनी दरवर्षी पडदा एक बोट वाढवायची, म्हणून होशिकावा दीड बोट वाढवायची. गेल्या वर्षीचं यंत्र धरायला दोन माणसं लागत (जाहिरातीत त्याला 'कौटुंबिक' म्हटलं होतं).

प्रस्ताव टेबलाटेबलांवरून फिरू लागला. कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे कलता मारायचा, म्हणजे कागदावरही वाकून नमस्कार घडतो, असा तिथला सुंदर रिवाज. कागद वाचायचा मात्र रिवाज नाही. प्रस्ताव तीनदा परत आला, तिन्ही वेळा शेरा एकच: कल कमी. चौथ्या खेपेला काजितानींनी आपला शिक्का पार आडवा निजवला आणि वैतागून सदतिसाव्या पानावर एक ओळ घातली: प्रत्येक यंत्रासोबत एक जिवंत बदक देण्यात येईल.

चार दिवसांत अठरा शिक्के झाले.

काजितानी घाबरून विभागप्रमुखांकडे गेले. "मुरासे-सान, सदतिसावं पान बघितलंत का?"

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. वाचलं असतं तर तो अविश्वास झाला असता."

"त्यात बदक आहे हो."

मुरासेंनी चहा संपवला. "अध्यक्षांचा शिक्का आहे?"

"आहे."

"मग बदक लागत असणार. का, अध्यक्ष न वाचता शिक्का मारतात असं म्हणायचंय तुम्हाला?"

काजितानींना तसं काहीच म्हणायचं नव्हतं. त्यांच्या घराचे हप्ते अजून अकरा वर्षं होते.

होशिकावाची घोषणा झाल्यावर नवव्या दिवशी ओसाकाच्या कंपनीने दोन बदकं जाहीर केली. त्यावर होशिकावाच्या भविष्य विभागाने पंचवार्षिक धोरण काढलं: तिसऱ्या वर्षी हंस, पाचव्या वर्षी जोडी. चौऱ्याहत्तर टक्के तज्ज्ञांनी स्वागत केलं (उरलेल्यांचे शिक्के उलटे पडले होते). बदकासह वजन दीड किलोच्या वर गेलं, तरी यंत्र हातातलंच राहिलं, कारण बदकही हातातच धरावं लागतं.

काजितानींना आता एकच आशा होती. यंत्र सुरू होण्याआधी गिऱ्हाइकाला बावन्न पानी अटी दिसत. कलम एकतीस: बदक आणि त्याचं आजन्म खाणंपिणं मला मान्य आहे. नियमाप्रमाणे एका जरी गिऱ्हाइकाने 'अमान्य' दाबलं असतं, तरी सगळा विषय पुन्हा उघडला असता आणि बिचारं खिशातलं यंत्र सुटलं असतं. आठवडाभर ते जेवणाचा डबासुद्धा संगणकाच्या पडद्यासमोर खात, तो एक शहाणा माणूस शोधत बसले.

दोन लाख अकरा हजार चारशे साठ जणांनी 'मान्य' दाबलं. वाचनाचा सरासरी वेळ अर्धा सेकंद. शिक्के मारणाऱ्यांनी निदान शाईची डबी उघडण्याचे कष्ट तरी घेतले होते.

काजितानी हल्ली आपल्या बदकासाठी भात मूठभर जास्त शिजवतात.

आपण हसलात, छान वाटलं. परवा फोनवर आपण जे 'मान्य' दाबलंत, त्यात कलम एकतीस काय होतं? आठवत नसेल, तर दारावरची घंटा वाजली की दार जरा सावकाश उघडा.