सुखदेवमामांच्या बिजागऱ्या

आमचे शेजारी सुखदेवमामा घरात आले की आधी दार दोनदा उघडून लावतात, कान देऊन ऐकतात आणि मग जय भीम करतात. "सर, दार कण्हून राह्यलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी रोज बदनापूरहून जालन्याला शाळेत जाऊन दमून येतो. मला दाराचं कण्हणं ऐकू येत नाही, माझंच ऐकू येतं.

मामा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलवर होते. निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या सगळ्या बिजागऱ्या त्यांच्या ताब्यात आहेत. दाराला दोन पुरत नाहीत, तीन हव्यात. ओलीच्या जागी लोखंड नको, स्टील नाहीतर पितळ. स्क्रू हातोडीनं ठोकणाऱ्या मिस्त्रीला तर ते माणसांत धरत नाहीत. "खिळा ठोकायचा, स्क्रू पिळायचा. बराबर?" आपण बराबर म्हणेपर्यंत माणूस हलत नाही. एका लग्नघरी पंगत बसली तेव्हा हे पेचकस घेऊन यजमानांच्या दारामागे होते.

यंदा त्यांचा डोळा आमच्या न्हाणीच्या दारावर होता. ते आत उघडतं. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला घ्या, दार बाहेर उघडू द्या, असं महिनाभर रोज चाललं होतं. एका रविवारी माझी म्हातारी आई अंघोळीला निघाली आणि मामा पेचकस घेऊन हजर. मी वैतागलो. म्हटलं, मामा, आमचं दार कुठंही उघडो, तुम्हाला काय करायचंय?

मामा ओट्यावर बसले.

"तुमची मामी न्हाणीत चक्कर येऊन पडल्ती. दाराला टेकूनच. मी दार ढकलून राह्यलो, तर तिलाच लागून राह्यलं. ती म्हणे, हळू. मंग ढकलताच येईना. बिजागऱ्याबी आतून, भाईरून खोलता येईनात. सुतार येईस्तोवर तिचं बोलणं थांबलं."

मामी आजारानं गेल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं. मला माझी लाज वाटली.

आई म्हणाली, "काढ दार, सुखदेव. मी उद्या न्हाईन."

मी दार धरलं, मामांनी स्क्रू पिळले. चौकट थोडी तासावी लागली. दुपारी दार बसल्यावर मामा आत गेले, फरशीवर दाराला टेकून बसले आणि आतून म्हणाले, "सर, आता वढा."

मी ओढलं. दार सहज उघडलं. मामांचा तोल मागे गेला, तेव्हा मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. ते बराच वेळ उठले नाहीत.