खंडूजींचे झेल

आमच्या वर्ध्यात रंगात आलेला सामना पावसानं थांबत नाही, मनोहरभाऊंमुळे थांबतो. ते गुणलेखक. बदली खेळाडूनं झेल घेतला, की वही बगलेत मारून थेट मैदानात शिरतात.

"नाव सांग, बापू. पूर्न सांग. बापाचं, गावाचं."

"काकाजी, नुसतं 'बदली' लिहा न! दोन ओव्हर राह्यल्या."

"काऊन? तुह्या मायनं बारशात 'बदली' नाव ठेवलं होतं काय?"

पंच कपाळ बडवतो. बाद झालेला गडी आशेनं अर्ध्या वाटेवरून मागं वळून पाहतो.

मनोहरभाऊ आमचे शेजारी. पोस्टातून निवृत्त झाले, बायको मागेच गेली, मूलबाळ नाही. आहेत ते फक्त आजोबा, खंडूजी, आणि तेही गोष्टींपुरते. शंभर वर्षांपूर्वी, साहेबाच्या राज्यात, खंडूजी इथल्या क्लबाच्या संघात होते. होते म्हणजे, कायमचे बारावे. पोट सुटलेले वकील जेवणानंतर झाडाखाली आडवे होत, मग पवनारहून पायी आलेले खंडूजी त्यांच्या जागी उन्हात धावत. बदलीला बॅट मिळत नाही आणि वहीत नावही मिळत नाही. त्यामुळे अख्ख्या कारकिर्दीत धाव एकही नाही. झेल मात्र, भाऊंच्या हिशेबानं, शेंगांच्या पोत्याएवढे.

"गोऱ्या कलेक्टराचा झेल धरला एकदा," भाऊ सांगतात. "धरल्यावर दोघंही घाबरले!"

आता माझा पराक्रम सांगते. मी तेव्हा नवी नवरी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. नाक इतकं वर, की उंबऱ्याला रोज ठेच लागायची. क्लबाच्या अडगळीत जुनी गुणवही सापडली, सगळी इंग्रजीत. भाऊ ती पंच्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले.

"वहिनी, तुम्ही शिकल्यासवरल्या. आजोबाचं नाव कुठं हाय, पाहा बरं."

ओसरीवर हळदीकुंकवाला आलेल्या बाया बसलेल्या. एवढा मोठा दरबार पुन्हा कधी मिळणार? मी पानं उलटली आणि जाहीर केलं, "भाऊजी, तुमचे आजोबा दर सामन्याला घरीच झोपले होते बहुतेक! इथं नुसतं 'बदली' लिहिलंय."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त मी.

"अजून एकदा पाह्यता काय, वहिनी?"

"भात करपतोय," म्हणून मी आत पळाले. भात तर चुलीवर चढलाही नव्हता.

यंदा क्लबानं जुन्या खेळाडूंच्या नावांचा फलक करायचा ठरवला. कमिटीतली सगळी पोरं भाऊंच्या गोष्टींवर वाढलेली. म्हणाली, पुरावा गेला चुलीत, खंडूजींचं नाव टाकायचं. निरोप द्यायला मीच निघाले. पापक्षालन इतकं स्वस्तात कुठं मिळतं?

भाऊ दारात बसून तुरीची डाळ निवडत होते. ऐकलं, आणि हात थांबला.

"नका लिहू, वहिनी."

"काऊन हो?"

"बारावा गडी आजोबा एकटाच नोहता. अजून दोघंतिघं असत. कोणता झेल कोणाचा, मले काय माहीत? आजोबानं सांगतलं तेवढंच. अन् नातू खूश व्हावा म्हणून थोडं वाढवूनही सांगत असन."

"मग इतकी वर्षं आम्हांला का पिडलंत?"

"घरात बोलाले कोणी नाई न. आजोबाची गोष्ट काढली, का लोक घटकाभर बसत. तुम्ही हसल्या, पन बसल्या तं होत्या."

 मी पायरीवर बसले, सुपातली मूठभर डाळ माझ्याकडे ओढली.

"भाऊजी, क्रिकेट राहू द्या. आजोबा होते कसे?"

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. भाऊंनी डाळीतला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"उंच होता," मग म्हणाले. "खांद्यावर घेत असे मले. पडू नये म्हणून मी त्याचे कान धरून बसो. दुखत असन, पन कधी म्हणला नाई, सोड."